बैठा खेळ आणि खेळाडू

गेल्या पावसाळ्यात कुळगीतील एक मुलगा महाविद्यालयाच्या प्रवेशाचा अर्ज घेऊन आमच्याकडे आला. निवृत्त सरकारी अधिकाऱ्याकडे गावाने सोपविलेले हे कायमचे काम असते. अर्ज तपासावयाचा, वडिलांचे नाव सर्व कागदांवर एकाच तऱ्हेने लिहिले आहे की नाही ते पाहावयाचे. ‘प्रावीण्य असलेला खेळ’ या रकान्यापाशी तो अडखळला आणि म्हणाला, “काका, ई-स्पोर्ट्स लिहू का?” तो मोबाइलवर बीजीएमआय नावाचा खेळ खेळतो, चौघांच्या संघातून स्पर्धांत उतरतो, आणि जंगलातल्या आमच्या गावात रेंज दगा देते म्हणून स्पर्धेच्या दिवशी दांडेलीला मावशीच्या घरी जाऊन बसतो. आम्ही चष्मा पुसला आणि “उद्या ये” म्हणालो. आयुष्य शासकीय सेवेत घालविलेल्या माणसाच्या तोंडी हे दोन शब्द सहज येतात.

तसे पाहता आपल्या भाषेला या प्रश्नाने गोंधळून जाण्याचे कारण नाही. मैदानी खेळ आणि बैठे खेळ असा भेद मराठीने केव्हाच केला आहे, आणि दोन्ही खेळणाऱ्यांना खेळाडू हा एकच शब्द दिला आहे. घोटाळा होतो तो ‘ॲथलीट’ या शब्दापाशी. धावणे, उड्या मारणे, घाम गाळणे यांवाचून ॲथलीट नाही, अशी एक समजूत आपण उसनी घेतली. या समजुतीचे आम्हीही एकेकाळी सेवेकरी होतो. आमच्या कार्यालयातील एका कारकुनाने बुद्धिबळाच्या स्पर्धेसाठी विशेष नैमित्तिक रजा मागितली. टिपणी आम्हीच तयार केली. साहेबांनी समासात शेरा मारला की बसून राहण्याचे काम कार्यालयातही करता येते. सगळे हसले, आम्हीही हसलो. बुद्धिबळासाठी मॅन्युएल ॲरन यांना १९६१ मध्येच अर्जुन पुरस्कार मिळाला होता आणि १९८० च्या सुमारास रोहिणी खाडिलकरांचे नाव घरोघरी पोहोचले होते, हे त्या टिपणीत लिहिता आले असते. लिहिले नाही. २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, तेव्हा दूरदर्शनसमोर बसलेल्या आम्हाला प्रथम आठवला तो कारकून.

शरीर हे गमक मानले तरी ते किती वाकडेतिकडे चालते पाहा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. त्याच्या विद्येचा मोठा भाग शरीर हलू न देण्यात आहे. १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत पदक मिळविणाऱ्या खाशाबा जाधवांशेजारी त्याला बसविताना कोणालाच अडचण वाटत नाही. मग बोटांची चपळाई, डोळ्यांची एकाग्रता, तासन्‌तासांचा सराव आणि सहकाऱ्यांशी क्षणार्धात साधलेला मेळ यांवर जिंकणाऱ्या मुलालाच दाराबाहेर का उभे करावे?

उलट, केवळ शरीर पाहून खेळाडू ठरविण्याचा एक प्रयोग आमच्याच जिल्ह्यात होऊन गेला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतीय क्रीडा प्राधिकरणाने हल्याळ, यल्लापूर या भागांतील सिद्दी मुलांना निवडून प्रशिक्षणाला नेले. यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले, तेव्हा यांच्या अंगातच धावणे असणार, असा तो हिशेब. काही मुलांनी राष्ट्रीय पातळीवर पदकेही आणली. १९९३ मध्ये योजना गुंडाळली गेली, आणि पुष्कळांना पुन्हा शेतमजुरीकडे वळावे लागले. शासनाने त्यांना खेळाडू म्हटले आणि पुढे म्हणणे थांबविले. त्यांच्या पायांत मध्यंतरी काही कमी झाले नव्हते. तेव्हापासून आमची अशी धारणा आहे की खेळाडू म्हणणे हे वर्णन कमी आणि वचन अधिक असते. वचन म्हटले की देणारा कोण आणि ते किती दिवस पाळणार, हे विचारावे लागते.

दक्षिण कोरियात हे उघड दिसले. २०२३ मध्ये झालेल्या हांगचौच्या आशियाई स्पर्धांत ई-स्पोर्ट्सला प्रथमच अधिकृत पदके होती. सुवर्णपदक मिळविणाऱ्या त्या देशाच्या ‘लीग ऑफ लीजेंड्स’ संघाला, इतर सुवर्णविजेत्यांप्रमाणेच, सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळाली. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आले, आणि ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्सला वेगळे काढून मान्यता दिली. जुगारापासून ही फारकत झाली ते बरे झाले. शाळामास्तरांपासून आमच्या घरच्या मंडळींपर्यंत सर्वांच्या मनात दोन्ही एकच होते.

परंतु आमची खरी अडचण वेगळी आहे. सुपे गाव काळी नदीच्या धरणात गेले, त्यात आम्ही लहानपणी हुतूतू खेळलो ते पटांगणही गेले. माणसे रामनगरला उठून आली, आणि नव्या जागी मुलांनी पहिल्याच हिवाळ्यात मातीत रेघ ओढली. त्यासाठी कोणाची परवानगी लागली नाही, कारण हुतूतू कोणाच्या मालकीचा नाही. बुद्धिबळही नाही. या मुलाच्या खेळाला मात्र मालक आहे. सप्टेंबर २०२० मध्ये शासनाने पबजीवर बंदी घातली. २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने आला. जुलै २०२२ मध्ये पुन्हा काढून टाकला गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात परतला. त्या दहा महिन्यांत ज्यांचे वय अठरा-एकोणीस होते, त्यांनी सराव कशावर करावयाचा? कंपनीला उद्या खेळ परवडेनासा झाला आणि तिने तो बंद केला, तर कोणत्या मातीत रेघ ओढावयाची? शासनाची बंदी न्यायालयात नेता येते, योजना बंद पडली तर आमदाराच्या दारात बसता येते. मालकाने आपली वस्तू आवरून घेतली तर तक्रार कोणाकडे करावी? नियमही तोच बदलतो, तेही हंगामाच्या मध्यावर, आणि पंचही बहुधा त्याच्याच पगारावर असतो. या मुलांना क्रीडापटूंच्या सवलती जरूर द्याव्यात. पण त्याआधी शासनाने या मालकांकडून काही लिहून घ्यावे. मान्यता मिळालेल्या स्पर्धेचा खेळ अमुक वर्षे चालू ठेवू, नियम बदलण्यापूर्वी खेळाडूंना इतकी मुदत देऊ, निकालांची नोंद आमच्याबाहेरही राहील, एवढे तरी. आमच्या काळी साध्या पुलाच्या कंत्राटदाराकडूनही आम्ही अनामत घेत असू.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. “लिही,” आम्ही म्हणालो, आणि त्याने सुवाच्य अक्षरांत ई-स्पोर्ट्स लिहिले. खालच्या ओळीत प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत जोडावयाची होती. त्याने मोबाइल पुढे केला. पडद्यावर रंगीत चित्र होते, त्यात त्याचे खेळातले टोपणनाव आणि खाली एका कंपनीचे चिन्ह. सही कोणाचीच नव्हती. दांडेलीला जाऊन छापील प्रत काढून आण, असे आम्ही सांगितले. साक्षांकनासाठी मूळ प्रत म्हणून काय दाखवावयाचे, हे मात्र त्यालाही सांगता येईना आणि आम्हालाही.