ईसार : किंमत कोणी मोजायची?

उर्दूत ‘ईसार’ म्हणजे आपल्या गरजेआधी दुसऱ्याची गरज पाहणे. अच्छाडला वर्गात हा शब्द शिकवताना मला दोन मराठी पुस्तके आठवतात. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ (१९३९) कादंबरीत युरोपातून निघालेल्या बोटीवर चक्रधर आणि ज्यू निर्वासित हॅर्टा प्रेमात पडतात. तो मुंबईला उतरतो. ती पुढे जाते आणि समुद्रात जीव देते. विजय तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’ (१९८३) नाटकात नाथ देवळालीकर समतेच्या ध्येयापायी मुलगी ज्योतीच्या दलित कवीशी होणाऱ्या लग्नाला बळ देतात. नवऱ्याचा मार मात्र ती खाते. एकाची करुणा बंदरावर संपली. दुसऱ्याच्या उदारतेची किंमत लेकीने मोजली. म्हणून परोपकाराची वाहवा करण्याआधी एवढेच विचारावे : देणाऱ्याच्या पदरचे काय गेले?