संबंधत्याग आणि न्यायासन

आचारप्रकरणात सर्वज्ञांनी साधकास स्वदेश, स्वग्राम आणि स्वजन यांचा संबंध टाकावयास सांगितला असून त्यांतही आप्तसंबंधाविषयी विशेष सावध केले आहे. या निरूपणाचा अर्थ सामान्यतः अनुसरलेल्या साधकापुरता घेतला जातो. परंतु संबंध त्याज्य का, याचे कारण पाहू गेल्यास त्याची व्याप्ती फार मोठी दिसते. ज्याच्याकडून काही मिळाले, ज्याच्याकडून काही मिळेल अशी आशा आहे, किंवा जो काही हिरावून घेईल असे भय आहे, त्याच्याशी जीव बांधला जातो. बांधलेल्या जीवाला सत्य दिसते, परंतु त्याचा उच्चार करताना त्याची जीभ अडखळते. न्यायासनावर बसणारा आणि राष्ट्राचा कारभार हाकणारा नेता हे दोघेही गृहस्थच होत. तथापि हे बंधन त्यांच्या ठिकाणी उत्पन्न झाले तर त्याचे फळ सर्व समाजास भोगावे लागते. म्हणून सत्ता व धन यांचा प्रभाव न्यायावर कोणत्या वाटेने पडतो आणि त्याचे निवारण कशात आहे, हा विचार वासनिकांसही उपेक्षणीय नाही. सर्वज्ञांच्या छळामागे यादवांचा प्रधान हेमाद्री याचा हात होता, असे पंथाची परंपरा सांगते. राजसत्तेची छाया निवाडा करणाऱ्यांवर पडली म्हणजे काय होते, हे या मार्गास नव्याने शिकावे लागत नाही.

पुणे शहराच्या इतिहासात या प्रश्नाचे एक ठसठशीत उदाहरण आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याचा वध केला. राज्य चुलत्याच्या, म्हणजे रघुनाथरावाच्या हाती गेले. तेव्हा न्यायाधीशपदावर माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे होते, इ. स. १७५९ पासून ते हे काम पाहत होते. त्यांनी चौकशी केली. दोषाचा माग ज्याने राज्य घेतले त्याच्यापर्यंतच पोचला, तेव्हा या पापास देहान्त प्रायश्चित्तच आहे असे त्यांनी रघुनाथरावास तोंडावर सांगितले, आणि अधिकार टाकून ते वाईकडे निघून गेले. बारभाईंनी कारभार हाती घेतल्यावरच ते पुण्यास परत आले.

हे धैर्य लोक वाखाणतात, परंतु ते कोठून आले याचा विचार क्वचितच होतो. ग्रँट डफ याने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात रामशास्त्र्यांविषयी एक लहानशी गोष्ट नमूद केली आहे. त्या दिवसास पुरेल त्याहून अधिक सामग्री ते घरात ठेवीत नसत. ज्याच्या कोठारात उद्याचे धान्य नाही त्याच्याकडून राजा काय हिरावून घेणार? ज्याने पुढील पदाची आशा धरली नाही त्यास राजा काय देणार? शनिवारवाड्यात ते निर्भय बोलू शकले याचे बीज त्या रिकाम्या कोठारात होते. भिक्षान्नाचा संचय न करणाऱ्या साधकास यातील वर्म सांगावे लागत नाही.

येथे एक शंका उद्भवते. उपकार स्मरणे हा सद्गुण आहे. ज्याने पद दिले, साहाय्य केले, त्याच्याशी कृतज्ञ राहण्यात दोष कोणता? याचे उत्तर रामशास्त्र्यांच्याच एका आख्यायिकेत मिळते. दक्षिणावाटपाच्या प्रसंगी त्यांचा भाऊ आला असता, शास्त्र्यांचा भाऊ म्हणून त्यास अधिक द्यावे असे सुचविण्यात आले. विद्येच्या मानाने इतरांस मिळते तेवढेच यासही मिळावे. भाऊ म्हणून काही द्यावयाचे असेल तर ते मी माझ्या घरातून देईन, असा शास्त्र्यांचा आशय होता. कृतज्ञता आणि मिंधेपणा यांतील सीमारेषा हीच. उपकाराची फेड स्वतःच्या वस्तूने करणे हा धर्म, परक्याच्या ठेवीतून करणे ही चोरी. न्याय ही न्यायाधीशाची मालमत्ता नाही आणि राज्य ही नेत्याची मालमत्ता नाही. त्यातून तो कोणाचेही ऋण फेडू शकत नाही.

दुसरी शंका अशी की, न्यायाधीश भिक्षेवर राहत नाही. त्यास वेतन घ्यावे लागते, तेव्हा संबंध कसा सुटावा? भारताच्या राज्यघटनेने याचा विचार केला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन संचित निधीवर भारित आहे. त्यावर संसदेत मतदान होत नाही. नेमणूक झाल्यावर ते त्यांच्या अहिताने बदलता येत नाही, आणि पासष्ट वर्षांपर्यंत त्यांस सहजासहजी पदावरून काढताही येत नाही. साधक अनेक घरची भिक्षा घेतो, ती अशासाठी की कोणत्याही एका घराचा तो बांधील राहू नये. संचित निधी ही तशीच अनेक घरची भिक्षा होय. त्यात मजुराने काडेपेटीवर दिलेला कर आहे आणि कारखानदाराचाही कर आहे. म्हणून त्या अन्नाचा धनी कोणी एक नाही.

तरीही दोन दारे उघडी राहतात. पहिले दार आशेचे व भयाचे. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला, आणि लगोलग शेलत, हेगडे व ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अजितनाथ राय यांना सरन्यायाधीश नेमण्यात आले. तिघांचेही मत सरकारच्या विरुद्ध गेले होते. पुढे आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, स्थानबद्ध व्यक्तीस न्यायालयात दाद मागता येईल काय, या प्रश्नावर पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. त्या वेळी पुण्याच्या येरवडा कारागृहातही विनाचौकशी ठेवलेले अनेक राजकीय स्थानबद्ध होते. चौघांनी दाद मागता येत नाही असे म्हटले. एकट्या हंसराज खन्ना यांनी विरुद्ध मत लिहिले. जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपदासाठी खन्ना यांना डावलण्यात आले आणि त्यांनी राजीनामा दिला. त्या चौघांत पुण्यात जन्मलेले आणि पुण्याच्याच लॉ कॉलेजात शिकलेले यशवंत विष्णु चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय चुकीचा ठरविला. त्या पीठात त्यांचे पुत्र धनंजय हे होते, आणि पित्याचा निर्णय सदोष असल्याचे त्यांनीच लिहिले. चौघांच्या अंतःकरणात काय होते हे परमेश्वरासच ठाऊक; त्याचा निवाडा येथे कर्तव्य नाही. परंतु तीन वर्षांपूर्वी तिघांचे काय झाले हे सर्वांना माहीत होते, आणि अशा ठिकाणी लाच द्यावी लागत नाही, आज्ञाही करावी लागत नाही. निवृत्तीनंतरची आशा हेही याच दाराचे दुसरे फळीपाट. निवृत्त न्यायाधीशांनी सरकारी पद स्वीकारू नये, अशी शिफारस विधी आयोगाने १९५८ मध्येच केली होती. तरी २०१४ मध्ये एक माजी सरन्यायाधीश राज्यपाल झाले, आणि २०२० मध्ये दुसरे राज्यसभेवर नियुक्त झाले. त्यांचे निकाल शुद्ध असतीलही. पण ते शुद्ध होते असे पक्षकारास वाटण्याचा आधार मात्र ढिला झाला.

दुसरे दार धनाचे, आणि ते प्रथम नेत्याच्या घरात उघडते. सिमेंटवर नियंत्रण होते त्या काळात, नेमून दिलेल्या वाट्याबाहेर सिमेंट मिळणे आणि मुख्यमंत्र्यांशी संबंधित प्रतिष्ठानास देणगी मिळणे यांचा संबंध जोडणारे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे गेले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये तो संबंध मान्य केला आणि अब्दुल रहमान अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. फौजदारी खटला मात्र पुढे कित्येक वर्षे रेंगाळला. त्या वेळी देणगी उघड होती, म्हणून प्रश्न तरी विचारता आला. २०१८ मध्ये सुरू झालेल्या निवडणूक रोखे योजनेत देणाऱ्याचे नाव मतदारांपासून झाकले गेले. तत्पूर्वी एखाद्या कंपनीस मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच राजकीय देणगी देता येई. २०१७ मध्ये ही मर्यादाही उठविली होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरविली. तोपर्यंत सोळा हजार कोटींहून अधिक रुपयांचे रोखे विकले गेले होते. गुप्त दान श्रेष्ठ असे धर्म म्हणतो, ते दात्याने फळाची अपेक्षा टाकावी म्हणून. येथे घेणाऱ्यास दाता ठाऊक होण्यास वाव, आणि ज्यांचे राज्य त्यांस मात्र तो अज्ञात! हे गुप्त दान नव्हे, गुप्त व्यवहार होय.

धनास दर वेळी न्यायाधीशापर्यंत जावे लागत नाही, हेही ध्यानात ठेवावे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले. चालक एका बांधकाम व्यावसायिकाच्या घरातील अल्पवयीन मुलगा होता, असे पोलिसांचे म्हणणे. काही तासांतच त्यास जामीन मिळाला, आणि अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध होता. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली. आरोपांचा निवाडा न्यायालयानेच करावयाचा आहे. परंतु आरोपाचे स्वरूपच विचारणीय आहे. न्यायाधीश कितीही निःस्पृह असला तरी त्याच्यापुढे येणारी कुपी, कागद आणि साक्ष ही सामान्य माणसांच्या हातून येतात. शनिवारवाड्याच्या कथेतही ‘ध’ चा ‘मा’ झाला तो कागदावरच, असे लोक सांगतात.

यास्तव संबंधत्यागाचा उपदेश केवळ मोठ्यांस करून भागत नाही. ज्याचे पोर पुढाऱ्याच्या चिठ्ठीने नोकरीस लागले, तो त्या पुढाऱ्याविरुद्ध साक्ष देईल काय? जो मतासाठी पाकीट घेतो, त्याने नेता धनिकाचा मिंधा झाला म्हणून कोणत्या तोंडाने तक्रार करावी? आणि ज्या मठाचा सभामंडप एकाच धनिकाच्या किंवा आमदाराच्या देणगीने उभा राहिला, त्या मठात त्या दात्याच्या अन्यायाविषयी शब्द निघेल काय? शेवटचा प्रश्न महंतांनी आणि वासनिकांनी आपल्या मनाशी निश्चित करावा. दान घेऊ नये असा याचा अर्थ नाही. ते अनेक घरचे असावे, उघड असावे, आणि त्याच्या बदल्यात मौन देऊ नये.

रामशास्त्री १७८९ मध्ये वारले. त्यांचे नाव घेऊन भाषणे करणारे पुण्यात पुष्कळ झाले. दिवसापुरतेच धान्य ठेवण्याची त्यांची रीत मात्र भाषणांत येत नाही. जो ती आपल्या पदापुरती, आपल्या मठापुरती किंवा आपल्या एका मतापुरती पाळील, त्याच्या मुखातून प्रसंगी सत्य निघेल. इतरांस ते ठाऊक असेल, इतकेच.