वाटी आणि पातेलं

एका तालुक्याच्या गावी एक म्हातारा फोटोग्राफर होता. त्याच्या हाताखाली एक पोरगा काम शिकत होता. लग्नातले फोटो काढून पोरगा कंटाळला होता. त्याला खेळाचे फोटो काढायचे होते.

गावच्या मैदानावर टेनिस बॉल क्रिकेटचे सामने लागले. पोरग्याकडे ७०-२०० ची लेन्स होती, एफ २.८ ची. पण सीमारेषेबाहेरून फलंदाज चिमणीएवढा दिसायचा.

म्हातारा म्हणाला, "याला ४०० ची मोठी लेन्स लागते. शहरात भाड्यानं मिळते."

पोरगा शहरात गेला. मोठ्या लेन्सचं वजन पाहिलं, भाडं ऐकलं आणि परत आला तो एक छोटी डबी विकत घेऊन.

"काका, हा टेलिकन्व्हर्टर. कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसवला की २०० चे ४०० होतात. लाखांचं काम हजारांत!"

"आणि बदल्यात काय घेतो?"

"काही नाही. पैसे एकदाच दिले."

म्हातारा नुसता हसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगा मैदानावर गेला. डबीमुळे एफ २.८ चं ५.६ झालं होतं, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड कमी पोचत होता. पण ऊन रणरणत होतं. सेकंदाच्या सोळाशेव्या भागात फोटो निघत होते. एका फोटोत तर बॅटला लागून चपटा झालेला चेंडू सापडला. पोरग्यानं तो फोटो स्टुडिओच्या काचेवर लावला. येणारेजाणारे थांबून बघू लागले.

मग उपांत्य सामना आला. तो रात्री होता, दिव्यांच्या उजेडात. पोरगा त्याच जागी बसला. तीच लेन्स, तीच डबी. पण आता सेकंदाच्या अडीचशेव्या भागाच्या पुढे कॅमेरा जाईना. आयएसओ आणखी वाढवला, तर फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे दिसू लागले. फोकस घुटमळत राहिला. बॅट फिस्कटली, चेंडूची पिवळी रेघ झाली. आयोजकांनी एकही फोटो घेतला नाही.

सकाळी पोरगा म्हणाला, "काका, ही डबी फसवी आहे. विकून टाकतो."

"घाई नको करू," म्हातारा म्हणाला.

दुपारी वळवाचं आभाळ आलं. पाऊस भुरभुरू लागला. म्हाताऱ्यानं घरातून एक उथळ वाटी आणि एक छोटं पातेलं आणलं. शिंप्याची टेप पोरग्याच्या हातात दिली. वाटीचं तोंड ७ सेंटिमीटर भरलं, पातेल्याचं १४. दोन्ही भांडी अंगणात ठेवली.

अर्ध्या तासानं म्हातारा म्हणाला, "आता चमच्यानं मोज."

वाटीतून एक चमचा पाणी निघालं. पातेल्यातून चार.

"तुझ्या लेन्समध्ये उजेड शिरतो तो वाटीच्या तोंडातून," म्हातारा म्हणाला. "४०० च्या मोठ्या लेन्सचं तोंड पातेल्याएवढं. डबीनं लांबचं जवळ आणलं खरं, पण वाटीचं पातेलं नाही केलं. काल रात्री मोठी लेन्स असती, तर सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो निघाला असता. तुझ्या वाट्याला त्याच्या चौपट वेळ आला. तेवढ्यात चेंडू कुठल्या कुठे जातो!"

"म्हणजे डबी वाईटच ना?"

म्हाताऱ्यानं भांडी पुन्हा अंगणात ठेवली. तेवढ्यात सरी कोसळू लागल्या. तासाभरानं पोरग्यानं बाहेर डोकावून पाहिलं. वाटी काठोकाठ भरली होती.

पोरगा बराच वेळ वाटीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी दुपारी असाच पाऊस होता."

"उजेडाचा," म्हातारा म्हणाला.

पोरग्यानं डबी पुसली आणि बॅगेत ठेवून दिली. अंतिम सामना रात्रीचा होता. त्या दिवशी तो सकाळच्या एस.टी.नं शहरात गेला आणि मोठी लेन्स एका दिवसाच्या भाड्यानं घेऊन आला. ती हातात धरवेना, म्हणून एका पायाच्या स्टँडवर टेकवली. खांदा भरून आला. पण शेवटच्या षटकात बॅटवर चपटा झालेला चेंडू पुन्हा सापडला.

पुढच्या रविवारी शाळेची मैदानी स्पर्धा होती, भर उन्हात. पोरगा निघाला तेव्हा त्याच्या खांद्यावर जुनी लेन्स होती आणि खिशात ती डबी.

तात्पर्य : साधन काय देतं ते लगेच दिसतं, बदल्यात काय घेतं ते टंचाईत कळतं.