दयेची किंमत कोण मोजतो?

जुन्नर तालुक्यात माझ्या मामांचा ऊस आहे. शेतीची वीज रात्री आली, की दारं धरायला रात्रीच जावं लागतं. मागच्या हिवाळ्यात मी सोबत गेलो. मामांच्या एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काठी. खिशातल्या मोबाइलवर मोठ्याने भजन. बिबट्याला चाहूल लागावी म्हणून.

“पकडून लांब का सोडत नाहीत?” मी विचारलं. पण तो उपाय याच भागात करून झाला आहे. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात दिसलं, की बिबटे हलवल्यावर माणसांवरचे हल्ले उलट वाढले. २००९मध्ये विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ माळशेज घाटात सोडला, तर तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. पुढे महामार्गावर वाहनाच्या धडकेने मेला.

१९७२चा कायदा बिबट्याला संरक्षण देतो, आणि मी त्या कायद्याच्या बाजूचा आहे. पण शहरात बसून मी दाखवलेल्या दयेची किंमत मामा अंधारात मोजतात. दुसऱ्याच्या जिवावर केलेल्या दयेला दया म्हणावं का? मला नाही वाटत. बिबट्या जगावा असं म्हणणाऱ्याने शेताला दिवसा वीज, गोठ्याला जाळी, विहिरीला कठडा हेही मागावं, आणि खर्चातला वाटा उचलावा.

“मामा, तुम्हाला त्याचा राग नाही येत?”

“राग कसला? उसातच जन्मला तो, जाईल कुठं? पण मलाही एकच जीव आहे रे,” म्हणत त्यांनी पुढचं दार फोडलं.