गोठा बांधण्यापूर्वी

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात शेती व व्यापार यांच्या जोडीने गोरक्षणाचा उल्लेख स्वाभाविक कर्म म्हणून आला आहे. त्यावरून कित्येक सद्गृहस्थांची अशी समजूत होते की, गाईंसाठी जे जे करावे ते सर्व पुण्यप्रदच. तेथे विचार कसला करावयाचा? परंतु त्याच अध्यायात कर्माचे तीन भेद सांगताना भगवंतांनी बजावले आहे की, अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष या चार गोष्टींकडे न पाहता केवळ मोहाने आरंभिलेले कर्म तामस होय. कर्म कितीही पवित्र असो, या कसोटीतून ते सुटत नाही.

गीतेचे थोर भाष्यकार श्रीरामानुजाचार्य यांचा जन्म इ. स. १०१७ मध्ये श्रीपेरुंबुदूर येथे झाला, असे परंपरा मानते. चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सुमारे ४० किलोमीटरवर हे क्षेत्र आहे. तेथील आदिकेशव पेरुमाळांच्या मंदिरात आचार्यांची पूजा आजही होते, आणि क्षेत्राच्या आसपास मोटारींचे कारखाने उभे आहेत. अशा ठिकाणी एखाद्या गृहस्थाजवळ दहा दुभत्या गाई आहेत, त्या झाडाखाली बांधल्या जातात, आणि कर्ज काढून पक्का गोठा बांधावा की नाही या विवंचनेत तो आहे, असे समजावे. आचार्यांनी आपल्या भाष्यात त्या चार शब्दांचा जो अर्थ केला आहे, तोच त्याला वाट दाखवील.

अनुबंध म्हणजे कर्मामागून येणारे दुःख. कर्जाचा हप्ता दरमहा येतो. गाय मात्र बारा महिने दूध देत नाही. व्यायल्यानंतर साधारण दहा महिने ती दुभती राहते व पुढील वेतापूर्वी दोन महिने आटते. आटलेल्या महिन्यांतील हप्ता कोठून भरावयाचा, याचे उत्तर पाया खणण्यापूर्वीच हवे. नाहीतर हप्त्यासाठी गायच विकावी लागते. गोठा राहतो आणि ज्यांच्यासाठी तो बांधला त्या जातात.

क्षय म्हणजे धनाचा नाश. उष्ण प्रदेशात गाईला चार भिंतींची गरज नसते. तिला सावली, वारा, कोरडी जमीन आणि स्वच्छ पाणी हवे. रूढ मापाप्रमाणे एका गाईला सुमारे ३.५ चौरस मीटर छप्पर आणि ७ चौरस मीटर मोकळे अंगण लागते. म्हणजे दहा गाईंना ३५ व ७०. एवढ्याने काम भागत असता शेजाऱ्याला दिपविण्यासाठी कमान उभारणे हा क्षय आहे, आणि त्यात अहंकार असल्याने ते कर्म राजसही होते.

हिंसा म्हणजे प्राण्यांना होणारी पीडा. हिचा विचार दोन्ही बाजूंनी करावा. त्या भागात ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्य मोसमी पाऊस कोसळतो; २०१५ साली त्यानेच चेन्नई व कांचीपुरम परिसरात महापूर आणला. चिखलात दिवसचे दिवस उभ्या राहणाऱ्या गाईचे खूर मऊ पडतात, कासेला दाह होतो. वैशाखातील उन्हात ती धापा टाकते व चारा सोडते. तिला असे ठेवून पोंगलच्या दुसऱ्या दिवशी, किंवा आपल्याकडे वसुबारसेला, तिच्या कपाळी कुंकू लावणे ही पूजा नव्हे. परंतु कोंदट, मूत्राच्या उग्र वासाने भरलेला बंदिस्त गोठा हीदेखील पीडाच होय.

पौरुष म्हणजे आरंभिलेले कार्य शेवटास नेण्याचे सामर्थ्य. पहाटे शेण कोण काढील, गव्हाणीत वैरण कोण टाकील, घरातील कर्ता आजारी पडल्यास धार कोण काढील? पाचच गाईंचे बळ असेल तर दहांचा गोठा बांधू नये.

मग काहीच न बांधणे बरे काय? तसेही नाही. कष्टाच्या भयाने कर्तव्य टाकणे हा राजस त्याग होय आणि त्याचे फळ मिळत नाही, असे भगवंत सांगतात. म्हणून 'नाही' म्हणणाऱ्यानेही आपले मन तपासावे: तो विवेकाने थांबला आहे, की आळसाने? त्या गृहस्थाने ऐपतीप्रमाणे उंच जागी, पाण्याला उतार ठेवून साधे छप्पर घालावे. भिंतींचा विचार पुढे करावा. तेवढेही झेपत नसेल तर गाईंची संख्या बळाइतकी ठेवावी, आणि ज्या द्यावयाच्या त्या नीट सांभाळ करणाऱ्याच्याच हाती द्याव्यात.

कांचीत असताना आचार्य वरदराजाच्या सेवेसाठी रोज विहिरीचे पाणी वाहून नेत, अशी कथा परंपरेत आहे. ती सेवा मोठी ठरली ती घागरीच्या मोलामुळे नव्हे. ती रोज घडली आणि भगवंतासाठी घडली म्हणून. गोठ्याचेही तसेच आहे. हिशेब स्वच्छ ठेवून, गाईची गरज पाहून आणि फळ ईश्वराला वाहून घातलेले चार खांबांचे छप्पर हेच गृहस्थाचे खरे गोरक्षण होय.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥