एक युरोचा उजेड

ठाण्यातली एक आई दहावीची परीक्षा दिलेल्या लेकीला घेऊन चार दिवस रोमला निघाली होती. भिशीचे आणि दोन दिवाळ्यांच्या बोनसचे पैसे, त्यातच सगळं बसवायचं. रोज रात्री जेवणाचं टेबल पुसून झालं की तिची वही उघडायची. व्हिसाची फी १२ वर्षांपुढच्या मुलांनाही मोठ्यांइतकीच, माणशी ९० युरो. तिथेच पहिला खड्डा पडला. पण इटलीतली सरकारी संग्रहालयं आणि जुन्या वास्तू १८ वर्षांखालच्यांना मोफत, मग मूल कुठल्याही देशाचं असो. कोलोसियमपुढे लेकीच्या नावावर शून्य मांडताना आईला केवढा आनंद झाला! बसचं तिकीट दीड युरो, १०० मिनिटं चालतं. दुपारी वजनावर मिळणारा पिझ्झा: केवढा हवा ते बोटाने दाखवायचं, तेवढाच कापून, तोलून देतात. रात्री खोलीवर खिचडी. पैसा जपावा कसा, हे या बाईकडून शिकण्यासारखं होतं.

एका रात्री लेक चित्रांचं पुस्तक घेऊन टेबलापाशी आली. इंटरमिजिएटच्या परीक्षेच्या वेळी चित्रकलेच्या बाईंनी दाखवलेलं एक चित्र तिच्या मनात घर करून होतं.

"आई, हे रोममध्येच आहे. एका चर्चमध्ये."

"तिकीट किती?"

"फुकट आहे."

"बरं, बघू," म्हणत आईने हातचा एक धरला आणि बेरीज पुढे नेली. वहीत रकाने होते ते खर्चाचे. ज्याला खर्च नाही, ते वहीत आलंच नाही.

रोममध्ये दोन दिवस सगळं वहीबरहुकूम झालं. लेक दहा पावलं मागून चालत होती. रुसली नव्हती, वाद घालत नव्हती, नुसती मागून येत होती. या वयाची मुलं भांडतात तोवर बरं असतं. ती अशी मुकाट मागे चालू लागली, की समजावं, आपण आखलेल्या प्रवासात त्यांना जागाच ठेवलेली नाही.

दुसऱ्या रात्री आईने विचारलं, "सगळ्यात काय आवडलं?"

"तो नळ."

रोमच्या रस्त्यांवर पिण्याच्या पाण्याचे ओतीव लोखंडी नळ आहेत, अखंड वाहणारे. तोटीच्या आकारावरून लोक त्यांना 'नासोने', म्हणजे मोठं नाक म्हणतात. तोटीचं तोंड बोटाने दाबलं, की वरच्या बारीक भोकातून धार कमानीसारखी उडते आणि न वाकता पाणी पिता येतं. एका आजोबांचं बघून लेक ते शिकली होती.

"एवढं लांब येऊन नळ?" आईला लागलंच ते. मग बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तुला काय बघायचं होतं गं?"

"सांगितलं होतं. घरी."

आईला आठवेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी वही खोलीवरच राहिली. सान लुइजी देई फ्रांचेझी हे चर्च पँथिऑनपासून दोन-तीन मिनिटांवर आहे. आदल्या दिवशी दोघी त्याच्या दारावरून गेल्या होत्या. आत डाव्या हाताच्या शेवटच्या दालनात अंधार होता. तिथल्या पेटीत नाणं टाकलं की दिवे लागतात. लेकीने स्वतःच्या खिशातला एक युरो टाकला.

कारावाज्जोने १६०० च्या सुमारास रंगवलेलं ते चित्र समोर उजळलं. जकात गोळा करणारे पाच जण टेबलाभोवती बसलेत. उजवीकडे येशू उभा आहे, हात पुढे करून त्यांच्यातल्या मॅथ्यूला बोलावतोय. तिरका उजेड त्याच्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीवर पडलाय. तिघांनी वर पाहिलंय. टेबलाच्या टोकाचा पोरगा मात्र मान खाली घालून नाणी मोजतोय. लेकीने पेन्सिल काढली आणि त्याच्याच वाकलेल्या खांद्यापासून सुरुवात केली.

"हा बघतच नाहीये, आई. जवळ कोण येऊन उभं राहिलंय, याला पत्ताच नाही."

आई त्या खाली घातलेल्या मानेकडे बघत राहिली.

"तू पुस्तक घेऊन आलीस ना त्या रात्री," ती हळूच म्हणाली, "तेव्हा मीही वर बघितलं नव्हतं."

लेक काही बोलली नाही. फक्त थोडी सरकून आईला टेकून उभी राहिली.

खट्कन दिवे गेले. चित्र अर्धंच उतरलं होतं. आईने पर्स उघडली, परतीच्या बससाठी रुमालात गाठ मारून ठेवलेली नाणी सोडली.

"काढ तू सावकाश," ती म्हणाली आणि एक नाणं पेटीत टाकलं. "खोलीवर चालत जाऊ."