गोल कोणता धरायचा?

पेलेने कारकिर्दीत किती गोल केले? या साध्या प्रश्नाची अनेक उत्तरं आहेत आणि त्यांतलं एकही खोटं नाही. ब्राझीलकडून अधिकृत सामन्यांत ७७. सांतोस क्लबाकडून अधिकृत स्पर्धांत ६४३. त्याच क्लबाकडून मैत्रीपूर्ण सामने धरले तर १०९१. सगळी बेरीज करायची म्हटली, तर गिनीज बुकात १३६३ सामन्यांत १२७९ गोलांची नोंद, आणि स्वतः पेले सांगायचा तो आकडा १२८३. बेरजेत चार-दोन गोलांचा फरक समजू शकतो. पण ६४३ आणि १०९१ यांच्यात ४४८ गोलांची दरी कशी पडते?

डिसेंबर २०२० मध्ये मेस्सीने बार्सिलोनासाठी ६४४वा गोल केला आणि एकाच क्लबाकडून सर्वाधिक गोलांचा पेलेचा विक्रम मोडला, अशा बातम्या झळकल्या. सांतोसला हे मान्य नव्हतं. मैत्रीपूर्ण सामन्यांतले ४४८ गोल का वगळता, असा त्या क्लबाचा सवाल होता. आजच्या प्रेक्षकाला हा रडीचा डाव वाटेल. मैत्रीपूर्ण सामना म्हणजे हंगामाआधीचा सराव, मध्यंतरानंतर निम्मा संघ बदलायचा, निकालाचं कुणाला सोयरसुतक नाही, हेच आपण पाहत आलो.

पेलेच्या काळचा ब्राझील वेगळा होता. देश खंडाएवढा, त्यामुळे फुटबॉल राज्याराज्यांत वाटलेला. साओ पावलो राज्याची स्पर्धा हीच सांतोसची रोजची भाकरी. १९५८ साली त्याच स्पर्धेत पेलेने ५८ गोल केले. देशपातळीवरचा चषक १९५९ मध्ये आला, आणि ब्राझीलची राष्ट्रीय साखळी स्पर्धा धरतात ती १९७१ पासून. सांतोस हे कॉफीच्या निर्यातीवर वाढलेलं बंदर, क्लबाचं मैदान लहान. टीव्हीच्या हक्कांतून पैसे मिळण्याचे दिवस अजून दूर होते. मग संघ चालवायचा कसा? परदेश दौरे करून. पेले खेळणार असेल तर बिदागी मोठी, नाहीतर कमी. त्यामुळे दुखऱ्या पायानेही त्याला मैदानात उतरावं लागे. १९६२ आणि १९६३ अशी लागोपाठ दोन वर्षं दक्षिण अमेरिकेची क्लब स्पर्धा जिंकणारा हा संघ पुढे पुढे त्या स्पर्धेकडे पाठ फिरवून दौऱ्यांवर जाऊ लागला, कारण पोट दौऱ्यांवर भरत होतं.

आता दोन प्रतिस्पर्धी शेजारी शेजारी ठेवून पाहू. ऑक्टोबर १९६२ मध्ये लिस्बनला सांतोसची गाठ युरोपच्या विजेत्या बेनफिकाशी पडली. समोर युसेबियो होता. सांतोसने ५-२ असा विजय मिळवला, पेलेचे तीन गोल. ही आंतरखंडीय चषकाची लढत, म्हणून ते तिन्ही गोल अधिकृत. इंटर मिलानविरुद्धही पेलेने आठ गोल केले, पण ते मैत्रीपूर्ण सामन्यांत, म्हणून ते ६४३ मध्ये नाहीत. उलट नोव्हेंबर १९६४ मध्ये रिबेरांव प्रेतोच्या बोताफोगोचा सांतोसने ११-० असा धुव्वा उडवला, त्यात एकट्या पेलेचे आठ गोल. तो सामना राज्य स्पर्धेतला, म्हणून ते आठही अधिकृत. इंटरला केलेले आठ बाद आणि बोताफोगोला केलेले आठ जमा! अधिकृतपणाचा शिक्का सामन्याचं नाव पाहून बसतो. समोरचा बचाव किती कडवा होता, हे तो सांगत नाही.

याचा अर्थ १२८३ डोळे झाकून मान्य करावेत असा नाही. त्या बेरजेत लष्करी सेवेत असताना लष्कराच्या संघाकडून केलेले गोलही आहेत. दौऱ्यांवर दुबळे संघही समोर आले असणारच. मात्र प्रत्येक मैत्रीपूर्ण सामना म्हणजे गोलांची खिरापत नव्हती. सप्टेंबर १९७७ मध्ये कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागानने पेलेच्या कॉसमॉस संघाला २-२ असं रोखलं, आणि त्यात पेलेला एकही गोल करता आला नाही.

१९ नोव्हेंबर १९६९ रोजी माराकाना मैदानावर वास्को द गामाविरुद्ध पेलेने पेनल्टी मारली. गोलरक्षक आंद्रादाने झेप बरोबर दिशेला घेतली, तरी चेंडू आत गेला. त्याने चिडून जमिनीवर मुठी आपटल्या. छायाचित्रकार आणि वार्ताहर मैदानात घुसले, खेळ थांबला. हजारावा गोल! आजच्या काटेकोर हिशेबाने तो हजारावा नव्हताच. पण त्या रात्री ब्राझीलमध्ये मोजणी चालू होती ती खेळलेल्या प्रत्येक सामन्याची, आणि तो आकडा सगळ्या देशाला ठाऊक होता. अधिकृत आणि मैत्रीपूर्ण यांतली आजची कडक भिंत नंतर उभी राहिली आणि मग मागच्या काळाला लावली गेली.

क्रिकेटच्या चाहत्याला हे नवं नाही. जॅक हॉब्जची प्रथम श्रेणीतली शतकं १९७ की १९९, हा वाद विजयनगरमच्या महाराजकुमारांच्या संघाकडून त्याने काढलेल्या दोन शतकांवरून आजही चालतो. फलंदाज तोच, धावाही त्याच. दर्जा कोणत्या सामन्याला द्यायचा एवढाच प्रश्न.

सप्टेंबर २०२३ मध्ये नेमारने ७७ चा आकडा ओलांडला. फिफाच्या हिशेबात तो पुढे गेला, हे निर्विवाद. ब्राझीलच्या महासंघाच्या नोंदीत मात्र क्लब आणि निवड संघांविरुद्धचे सामने धरून पेलेचे ९५ गोल आहेत, आणि तेही खरे. नेमारचा विक्रम खरा, मेस्सीचाही खरा. त्यांना खाली ओढायला १२८३ चा आकडा वापरणं चूक, आणि त्यांच्यासाठी पेलेचे शेकडो गोल पुसून टाकणं ही त्याहून मोठी चूक. यापुढे कुणी असा आकडा तुमच्यासमोर टाकला, तर तो खरा की खोटा हे नंतर ठरवा. त्यात कोणते सामने धरलेत, ते आधी विचारा.